सर्व्हेअर खुंट्या मारून गेला की त्याचं काम संपलं का? (८५ मिमी गेले कुठे)

नवखा साइटवाला

नमस्कार मंडळी, इतके दिवस वाचनमात्र होतो, आज अडकलोय म्हणून धागा काढतोय. सिव्हिल करून साइटवर लागलो त्याला आठ महिने झालेत. आमची स्टीलची शेड आहे, एका ओळीत १२ कॉलम, प्रत्येक गाळा ६ मीटर, म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत ६६ मीटर. स्टील कारखान्यात भोकं पाडून तयार होऊन येणार आणि आपण फक्त पेडेस्टलमधे (पायावरच्या काँक्रीटच्या ठेंगण्या खांबात) स्टीलचा कॉलम धरून ठेवणारे अँकर बोल्ट बसवून ठेवायचे. सर्व्हेअरने सुरुवातीला येऊन लाइनआऊट दिला (कॉलमच्या जागा खुंट्या मारून दाखवल्या), फुटिंगची (पायाची) फक्की त्याच्याच खुंट्यांवरून मारली, खोदाई झाली, फुटिंग झाले. त्यानंतर तो काही आला नाही, म्हणजे बोलावलाच नाही, मॅनेजर म्हणाले आता काय काम त्याचं.

ए लाइनच्या पेडेस्टलचं शटरिंग लागलंय, १ ते ४ भरून झालेत, बाकीचे आठ भरायचेत. काल सहज म्हणून १२ नंबरचा बोल्टचा सेंटर सर्व्हेअरच्या शेवटच्या खुंटीशी ताडून पाहिला तर ८५ मिमी पुढे!! फोरमन म्हणाला खुंटीला पोकलेनचा धक्का लागलाय, मी बघितलं होतं, आणि त्याने लगेच ती उपटून बोल्टच्या रेषेत नवीन ठोकली पण. आता मॅनेजर म्हणतायत सर्व्हेअरचीच चूक, त्याचं बिल अडवा. मला काहीतरी खटकतंय पण काय ते सांगता येत नाहीये. बांधकामात सर्व्हेचं काम नेमकं कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं? की मीच उगाच डोकं लावतोय?

हवेत गोळीबार

८५ मिमी म्हणजे चार बोटं की हो. शेडच चार बोटं सरकवा, हाय काय अन् नाय काय. (पळतो आता, ओळंबा काका यायच्या आत)

ओळंबा

आलोच. थांब जरा पळू नकोस.

नवखा, सगळ्यात आधी एक विचारतो, खुंटी उपटायच्या आधी तिचा फोटो काढला होता का? किंवा तिच्यापासून आणखी कुठे मोजून ठेवलं होतं का? नसेल तर फोरमनने पुरावाच उपटून टाकला. धक्का लागलेली खुंटी तशीच ठेवायची असते, तिच्यावर लाल फडकं बांधायचं आणि सर्व्हेअरला फोन करायचा. रेषेत बसत नाही म्हणून खुंटी रेषेत आणायची म्हणजे ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर बदलण्यातला प्रकार झाला.

आता कामाचं. मला फक्त १२ नंबरचा आकडा नकोय. मधल्या कॉलमना किती फरक येतो ते पाहिजे, निदान ४, ८ आणि १२ चा. सर्व्हेअरने साइटच्या कडेला सिमेंटमधे दोन कंट्रोल पॉइंट (मोजणीच्या पक्क्या खुणा) करून ठेवले असतील, कोणी शहाण्याने त्यावर ब्लॉक रचले नसतील तर, तिथून टोटल स्टेशन (अंतर आणि कोन मोजायचं यंत्र) लावून घ्या. का विचारतोय ते नंतर सांगतो, आधी आकडे आण.

सळईताई

मी डिझाइनवाली, म्हणून माझ्या बाजूने एवढंच सांगते, उरलेले आठ पेडेस्टल आज भरू नका. काँक्रीट पडलं की ८५ मिमीचा प्रश्न दहापट मोठा होतो. आणि साइटवर कोणी म्हणेल की बेसप्लेटची (कॉलमच्या तळच्या पत्र्याची) भोकं गॅसने मोठी करून घेऊ, तर त्याला स्पष्ट नाही सांगा, डिझायनरला विचारल्याशिवाय भोकाला हात लावायचा नाही.

नवखा साइटवाला

@सळईताई हो ताई, मॅनेजरच्या शिव्या खाऊन भरणं थांबवलंय. @ओळंबा काका फोटो नाहीये :( पण कंट्रोल पॉइंट दोन्ही शाबूत आहेत, एक सिमेंटच्या गोण्यांखाली सापडला. सर्व्हेअरला फोन केला, तो परवा येतोय.

ड्रोनभाऊ

धागा चांगलाय, पण एक विचारू का, राग नका मानू. आता आरटीके जीपीएस (सेंटीमीटरपर्यंत जागा सांगणारं) आहे, ड्रोन आहे, लेझर स्कॅनर आहे, अजून कंट्रोल पॉइंट आणि खुंट्या कशाला धरून बसायचं? मी स्वतः ड्रोन सर्व्हे करतो, आठवड्याचं काम दुपारपर्यंत उरकतं. प्रत्येक कॉलमचे कोऑर्डिनेट रोव्हरमधे (त्याच्या हातातल्या रिसीव्हरमधे) टाकायचे आणि जाऊन उभं राहायचं, एवढं सोपं झालंय.

कंटूर

ड्रोनभाऊ, मी रस्त्याच्या कामांवर असते, ड्रोन मीही वापरते आणि मातीकामासाठी मस्तच आहे, पण तुम्ही दोन वेगळी कामं एका पोत्यात भरताय. आरटीकेचा आडवा अचूकपणा मोकळ्या आकाशाखाली साधारण १ सेंटीमीटर आणि उंचीचा दीड ते दोन, तोही सगळं सुरळीत असताना. बाजूला क्रेन, पत्रे, स्टीलचे ढीग असले की सिग्नल त्यावर आपटून येतो आणि स्क्रीनवर फिक्स (जागा पक्की) दाखवत असतानाही आकडा खोटा निघू शकतो. खड्डा कुठे खणायचा त्याला हे चालतं. अँकर बोल्टला २-३ मिमीच्या गोष्टी चालू असतात, तिथे रोव्हर घेऊन उभं राहणं म्हणजे सोनं तोलायला ट्रकचा वजनकाटा.

दुसरं म्हणजे ड्रोनच्या फोटोतून जी जमीन निघते ती गवताचा शेंडा धरून असते. कमरेएवढं गवत असलेल्या जागेचं भरावाचं गणित त्यावर केलं तर काय होईल विचार करा. आमच्याकडे तर भांडणाचा ठरलेला विषय म्हणजे मूळ जमिनीच्या लेव्हल्स. पहिला बकेट लागायच्या आधी दोन्ही पार्ट्यांच्या समोर घेऊन सह्या करून ठेवल्या नाहीत तर नंतर किती माती काढली हे देवालाही सांगता येत नाही, कारण मोजायला जमीनच उरलेली नसते. ट्रक मोजून हिशोब करायला जावं तर माती खणल्यावर फुगते, जागेवरची १०० घनमीटर ट्रकात १२० नाहीतर १३० होते, खडक असेल तर त्याहूनही जास्त. म्हणजे सर्व्हे सुरू कधी होतो या प्रश्नाचं माझं उत्तर, जेसीबीच्या आधी.

ओळंबा

कंटूरताई सगळ्याला +१.

जीपीएसच्या उंचीबद्दल थोडं लिहितो, कारण यात भले भले फसतात. उपग्रहाची उंची मुळात एका गणिती अंडाकृती गोळ्यावरून येते. पाणी त्या गोळ्याला विचारून वाहत नाही, ते गुरुत्वाकर्षणाने वाहतं, त्याचा पृष्ठभाग वेगळा, त्याला जिऑइड म्हणतात. या दोघांतला फरक जगात कुठे साधारण +८५ मीटर तर कुठे -१०६ मीटर आहे, आणि तो सगळ्यात खोल खड्डा आपल्याच हिंदी महासागरात आहे. म्हणून जिऑइडचं मॉडेल न लावता रोव्हरच्या उंचीवर गटाराचा उतार काढला तर पाणी उलटं चढवायची वेळ येऊ शकते.

आणि दोन शून्यांचा घोळ काय करू शकतो त्याचा नमुना म्हणजे जर्मनी आणि स्वित्झर्लंडच्या मधल्या ऱ्हाइन नदीवरचा लाउफेनबुर्गचा पूल. जर्मनी उंची मोजते अ‍ॅमस्टरडॅमकडच्या समुद्रपातळीवरून, स्विस मोजतात भूमध्य समुद्रावरून, दोन्हींत २७ सेंटीमीटरचा फरक. गंमत अशी की हे दोन्हीकडच्या लोकांना माहीत होतं! दुरुस्तीही धरली होती. फक्त चिन्ह उलटं लागलं, वजा करायच्या जागी अधिक, आणि २००३ मधे लक्षात आलं तेव्हा दोन बाजू ५४ सेंटीमीटरने वरखाली होत्या. शेवटी एका बाजूचा भराव बदलून जुळवलं. मोजणी कुणाचीच चुकली नव्हती बरं का, प्रत्येकाने आपापल्या शून्यापासून अगदी बरोबर मोजलं होतं.

ड्रोनभाऊ

५४!! म्हणजे २७ गुणिले २. हे माहीत नव्हतं. बरं अँकर बोल्टचं मान्य, मागे घेतो. पण मोठ्या कामात स्कॅनर वगैरे लागतातच की.

ओळंबा

लागतात ना, कोण नाही म्हणतंय. मी काही थिओडोलाइटला (कोन मोजायच्या जुन्या यंत्राला) ओवाळत बसणारा नाही, व्हर्निअर वाचून डोळे गेलेत माझे. गॉटहार्डचा ५७ किलोमीटरचा बोगदा वेगवेगळ्या ठिकाणांहून खणत आणला आणि २०१० साली शेवटची दोन टोकं भेटली तेव्हा फरक आडवा ८ सेंटीमीटर आणि उभा १ सेंटीमीटर. आत जीपीएस चालत नाही, तिथे उत्तर दिशा शोधणारे जायरो लागले. यंत्र कुठलंही असो, ते कशाला बांधलंय हे आधी बघायचं एवढंच म्हणणं.

अंगणवेल

मी यातली नाही, आमचं साधं घर बांधायचं चाललंय म्हणून वाचत होते. आमचा मिस्त्री म्हणतो सर्व्हेअर वगैरे मोठ्या कामाला, घराला दोरी, गुण्या आणि पाण्याची नळी पुरते. खरं का?

कंटूर

अंगणवेल, मिस्त्री पूर्ण चुकीचा नाहीये. पाण्याची नळी तर फार इमानदार, फक्त आत बुडबुडा राहिला किंवा कोणी नळीवर पाय दिला की खोटं बोलते. काटकोनासाठी गुण्यापेक्षा ३-४-५ करायला सांगा, तेही मोठं घ्या, ६-८-१० मीटर जमलं तर, आणि शेवटी घराचे दोन्ही कर्ण मोजा. चारही बाजू बरोबर आणि कर्ण वेगळे असतील तर तुमचं घर पतंगासारखं तिरकं होतंय.

पण दोन गोष्टी नळीने होत नाहीत. एक, तुमची हद्द. कुंपण म्हणजे हद्द नव्हे, शेजाऱ्याने आणि तुम्ही वीस वर्षं मानलेलं कुंपण कागदाशी जुळेलच असं नाही, आणि ते बांधकाम प्लिंथपर्यंत आल्यावर कळण्यात काही मजा नाही. दुसरं, पाणी. जोत्याची उंची ठरवताना बाहेरचा रस्ता आणि ड्रेनेजचा चेंबर यांच्या लेव्हल आधी घ्या. पाइपला १०० ला १ उतार धरला तर २० मीटरवर २० सेंटीमीटर खाली जायला लागतं, तेवढी खोली चेंबरला आहे का हे घर झाल्यावर नाही बघायचं. तेव्हा सर्व्हेअरला दोनदा तरी बोलवा, खोदाईच्या आधी आणि जोतं भरायच्या आधी.

अंगणवेल

कर्णाचं आजच मोजायला लावते. धन्यवाद ताई.

हवेत गोळीबार

पतंग चालेल हो, वास्तू हवेशीर राहील.

नवखा साइटवाला

आलो आकडे घेऊन. सर्व्हेअरने दोन्ही कंट्रोल पॉइंट आधी एकमेकांवरून तपासले, अंतर २ मिमीत जुळलं. मग ए लाइनचे बोल्ट सेंटर घेतले. १ नंबर शून्य, २ ला ८, ३ ला १५, ४ ला २४, ८ ला ५५, १२ ला ८५. सगळे पुढच्याच दिशेला. आणि १२ च्या खुंटीची मूळ जागा कोऑर्डिनेटवरून परत काढली तर ती फुटिंगच्या बरोबर सेंटरला येतेय.

म्हणजे खुंटीला काही झालंच नव्हतं???

ओळंबा

आता बघ, यासाठीच आकडे मागितले होते. चुकीला आकार असतो.

नुसती खुंटी हलली असती तर कंट्रोल पॉइंटवरून बाराही बोल्ट जागेवरच दिसले असते. सुरुवातीचा बिंदूच चुकला असता तर सगळ्यांना सारखाच ८५ आला असता. यंत्र लावताना दिशा चुकली असती तर ओळ पंख्याच्या पात्यासारखी तिरकी फिरली असती, फरक बाजूला गेला असता. तुझा फरक ओळीतच आहे आणि दर गाळ्याला ८ च्या आसपास वाढत जातोय, ११ गाळ्यांत ८५. हा माणूस दर गाळा आधीच्या कॉलमपासून मोजत गेलाय आणि दरवेळी ८ मिमी जास्त घेतोय. सांग बघू मोजलं कशाने आणि कसं?

माझीही एक सांगून ठेवतो म्हणजे मी फार शहाणा असं वाटायला नको. नवीन प्रिझम (यंत्राचा किरण परत पाठवणारा) आला होता, यंत्रात जुन्याचा कॉन्स्टंट (अंतराची ठरलेली दुरुस्ती) राहिला, ३० मिमीचा फरक. दिवसभर घेतलेलं प्रत्येक अंतर ३० मिमीने चुकलेलं, जवळचं असो की लांबचं. संध्याकाळी दुसऱ्या स्टेशनवरून तेच बिंदू बघितले तेव्हा एकही जुळेना. एकाच ठिकाणी उभं राहून दहा वेळा मोजलं असतं तर दहाही वेळा छान जुळलं असतं.

नवखा साइटवाला

काका तुम्ही साइटवर येऊन गेलात की काय!! फोरमनला विचारलं. पहिल्या कॉलमच्या सेंटरला खिळा मारला, त्यात खिशातल्या टेपचं हुक अडकवून ६ मीटरवर पुढचा खिळा, मग त्यात हुक अडकवून पुढचा, असं १२ पर्यंत. टेप मागून घेतली. हुकाचा रिव्हेट ढिला आहे आणि पुढचं नाक वाकून बाहेर आलंय. सर्व्हेअरच्या स्टील टेपवर ठेवून बघितलं, ६ मीटरला ८ मिमी जास्त. बास, सापडलं.

ओळंबा

हुक थोडं हलणं मुद्दाम असतं बरं का, त्याच्या स्वतःच्या जाडीइतकं, म्हणजे बाहेरून अडकवा की आतून टेकवा माप तेच येतं. ८ मिमी हललं म्हणजे टेपच मेली.

पण नीट बघ, असंच ढिलं हुक लांब टेपला असतं तरी मापं एका टोकापासून रनिंग घेतली असती तर प्रत्येक कॉलमला एकदाच ८ मिमी आले असते. आणि हुक सोडून १०० मिमीच्या खुणेवर धरून मोजलं असतं तर तेही नाही. टेप खराब होणारच, पद्धतीने ती चूक ११ ने गुणली. लांब ओळीला चांगली ३० मीटरची स्टील टेप वापरली तरी ऊन धर, पोलाद १ अंशाला मीटरमागे साधारण ०.०१२ मिमी वाढतं, प्रमाण तापमानापेक्षा २० अंश जास्त तापलेली टेप ३० मीटरला ७ मिमी खाते. म्हणून बोल्टचं मार्किंग सकाळी करायचं.

हवेत गोळीबार

काका आता खरोखर विचारतो, एवढं सगळं असतं तर पृथ्वीचा गोलावा पण धरता का तुम्ही लोक?

ओळंबा

धरतो की. लेव्हल घेताना १ किलोमीटरवर गोलावा आणि हवेतलं वक्रीभवन मिळून पावणेसात सेंटीमीटर फरक पडतो, १०० मीटरवर मात्र १ मिमीच्याही आत. त्यातही बॅकसाइट आणि फोरसाइटचं (मागच्या आणि पुढच्या वाचनाचं) अंतर सारखं ठेवलं की हे आणि यंत्राच्या दुर्बिणीची तिरकी नजर, दोन्ही आपोआप कटतात. न्यूयॉर्कच्या व्हेराझानो पुलाचे दोन मनोरे दोन्ही अगदी ओळंब्यात आहेत पण पायथ्यापेक्षा वर एकमेकांपासून ४१ मिमी लांब आहेत, कारण ओळंबा पृथ्वीच्या मध्याकडे बघतो. तुझ्या अर्ध्या ८५ इतकं झालं ते, नवखा. फक्त त्यांनी ते आधी धरलं होतं.

सळईताई

मी आकडे घेऊन बसले होते, आता ऐका. चांगली बातमी अशी की फुटिंग सर्व्हेअरच्या खुंटीवर आहेत, म्हणजे पेडेस्टल मूळ जागी आणले तर ते फुटिंगच्या मध्यावरच येतील, उलट ८५ मिमी बाहेर ठेवले असते तर फुटिंगवर जास्तीचा मोमेंट (वाकवणारा जोर) आला असता आणि मला पुन्हा तपासावं लागलं असतं. सळया वाकवाव्या लागतील, उतार १ ला ६ पेक्षा तीव्र नको, म्हणजे ८५ साठी ५१० मिमी उंची हवी. तुमच्या पेडेस्टलची उंची किती?

१ ते ४ भरलेत ते फोडायचं नाही असं धरलं तर ४ नंबर २४ मिमी पुढे आहे. ५ नंबर एकदम मूळ जागी आणलात तर मधला गाळा ५९७६ होईल आणि पर्लिन (पत्र्याखालची आडवी पट्टी) बसणार नाही. त्याऐवजी ते २४ पुढच्या ८ गाळ्यांत वाटा, दर गाळा ५९९७, म्हणजे १२ नंबर बरोबर खुंटीवर. ३ मिमी पर्लिनच्या लांबट भोकात सहज जिरेल. पहिल्या तीन गाळ्यांचे ८-८ जिरतील का हे मात्र स्टीलवाल्याला भोकाचं माप विचारून लेखी घ्या. हे माझं धाग्यावरचं मत आहे, तुमच्या डिझायनरची सही घेतल्याशिवाय यातलं काही करू नका.

नवखा साइटवाला

पेडेस्टलची उंची १२०० आहे ताई, म्हणजे जागा आहे. आमच्या डिझायनरने पण जवळपास हेच सांगितलं, आणि स्टीलवाल्याकडून ड्रॉइंगवर शिक्का मारून आलंय, ८ मिमी चालेल म्हणतोय. आठही बोल्टचे नवे कोऑर्डिनेट सर्व्हेअरने काढून दिलेत, टेम्पलेट (बोल्ट जागेवर धरणारा साचा) तोच टोटल स्टेशनवरून बसवणार आणि भरताना थांबणार, भरून झाल्यावर पुन्हा एकदा घेणार.

मॅनेजरांनी बिल अडवायचं सोडलंय, पण सॉरी वगैरे काही म्हणाले नाहीत, नुसतं म्हणाले की बी लाइनच्या आधी बोलावून घे त्याला. फोरमन दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हता. आज स्वतः येऊन विचारून गेला की १०० च्या खुणेवर धरून कसं मोजायचं, दाखवलं.

ओळंबा

मेलेल्या टेपचं काय केलंस?

नवखा साइटवाला

हुक कापून टाकलं काका. फोरमन म्हणाला फेकू नको, शटरिंगच्या फळ्या मोजायला होईल. ती पण काढून घेतली मग.

उद्या सकाळी सातला १२ नंबरपासून सुरुवात करतोय, ऊन चढायच्या आत.